मशीन बसवलंत, आता शॉकच्या भीतीचं पण बघा: हार्टच्या डॉक्टरांना खुलं पत्र

हार्टच्या सगळ्या डॉक्टर मंडळींना, त्यांच्या हाताखालच्या ज्युनियर डॉक्टरांना, आणि चेकिंगच्या दिवशी लॅपटॉपसारखा डबा घेऊन येतात त्या कंपनीच्या मुलांना सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याची, वय 46, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. फेब्रुवारी 2021 पासून माझ्या डाव्या खांद्याच्या जरा खाली आयसीडी आहे, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडले तर आतूनच शॉक देणारं मशीन. घरीदारी सगळे त्याला पेसमेकरच म्हणतात, आता मी पण कुणाला दुरुस्त करत बसत नाही. मला एचसीएम आहे, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होतो तो आजार, 500 माणसांत साधारण एकाला असतो म्हणतात. नॉर्मल माणसाची हृदयाची भिंत 11-12 मिलिमीटरपर्यंत असते, माझी 31 निघाली. त्यात माझे धाकटे काका 36 व्या वर्षी कबड्डी खेळता खेळता मैदानातच गेले होते, घरात सगळे 'अॅटॅक आला' एवढंच म्हणायचे, खरं काय ते माझी इको झाल्यावर कळलं. त्यामुळे मशीन बसवायचं का नाही यावर माझं काही भांडण नाही, बसवलंत ते बरंच केलंत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पत्र अर्धवट वाचून कुणीतरी म्हणणार बाई डॉक्टरांच्या विरोधात लिहितीये.

माझं म्हणणं वेगळंय. मशीन बसवताना तुम्ही मला सगळं सांगितलंत. हात किती दिवस वर करायचा नाही, टाके कधी, मोबाइल उजव्या कानाला लावायचा आणि डाव्या खिशात ठेवायचा नाही, मशीनपासून 15 सेंटिमीटर लांब, इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब, मेटल डिटेक्टरच्या दारातून जा पण तिथे घुटमळू नका, पोलिसांनी तो हातातला दांडा फिरवायला घेतला तर कार्ड दाखवा. सगळं पाठ केलं. पर्सचा पट्टा उजव्या खांद्यावर घेऊ लागले, ब्लाउजचं माप बदलून घेतलं कारण तो उंचवटा घासायचा. शॉकबद्दल मात्र एकच वाक्य ऐकलं. 'ठोके बिघडले तर मशीन शॉक देईल आणि तुम्ही वाचाल.' आणि हातात एक जाडजूड पुस्तिका, तीत कसल्या कसल्या परदेशी भाषा होत्या, मराठी नव्हती.

आता शॉक कसा असतो ते सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी तो दिलाय, घेतलेला नाहीये.

2023 चा श्रावण, त्या वर्षी अधिक पण आला होता त्यामुळे सगळं लांबलेलं. माझ्या पुतणीची पहिली मंगळागौर होती. झिम्मा झाला, बसफुगडी झाली, मी कडेला बसून टाळ्या वाजवत होते. वन्सं म्हणाल्या चल गं एक गिरकी, हळूच घेऊ. मला दमायचं नाही हे माहीत होतं पण दोन वर्षं काही झालं नव्हतं, आणि नऊवारी नेसून कोण किती वेळ कडेला बसणार. पाचव्या-सहाव्या गिरकीला छातीत धडधड सुरू झाली, थांबूया म्हणायला तोंड उघडलं आणि आतून कुणीतरी मुसळ घातलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. बाहेरून नाही, आतून. डोळ्यांपुढे पांढरं झालं, तोंडातून काय आवाज निघाला ते मला माहीत नाही पण माझी मुलगी अजून सांगते की तो माझा आवाज वाटलाच नाही. वन्सं पण किंचाळल्या कारण त्यांच्या हाताला झिणझिण्या आल्या. मी सतरंजीवर बसले, शुद्धीत होते, पूर्ण शुद्धीत, हे लक्षात घ्या, सगळं दिसत होतं, पूजेची पत्री दिसत होती, पुतणीचा पांढराफटक चेहरा दिसत होता. साधारण दहा सेकंदांनी दुसरा. मग तिसरा.

पहिला बसला तेव्हा मला भीती वाटायला वेळच मिळाला नाही. भीती बसली ती दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे, त्या दहा-बारा सेकंदांत, जेव्हा कळत होतं की आत कुठेतरी काहीतरी पुन्हा भरतंय आणि आपण काहीही करू शकत नाही. नंतर वाचलं की 35 जूलच्या आसपासचा शॉक असतो, 700-800 व्होल्ट, सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता, आणि मशीनला चार्ज व्हायला तेवढे सेकंद लागतातच. म्हणजे माझं ते आत भरण्याचं वाटणं अगदीच खोटं नव्हतं.

पुण्याला गेलो. कंपनीच्या मुलाने छातीवर ते वॅन्ड ठेवलं, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, काकू काळजी करू नका, तिन्ही शॉक चुकीचे होते. मी त्याच्याकडे बघतच राहिले. ही चांगली बातमी का वाईट? एचसीएमवाल्यांना एएफ होतो ना, वरच्या कप्प्यांचे ठोके विस्कटतात, तो झाला होता, खालच्या कप्प्यांचे ठोके मिनिटाला 190 च्या वर गेले, शॉक द्यायची मशीनची हद्द 188 ला लावलेली, मशीनला वाटलं ही मरतीये. बिचाऱ्याने त्याच्या बुद्धीप्रमाणे बरोबरच केलं. मग डॉक्टरांनी हद्द वाढवली, शॉक देण्याआधी थांबून बघायचा वेळ वाढवला, गोळ्या वाढवल्या, रक्त पातळ करायची गोळी चालू झाली. सगळं मिळून वीस मिनिटं.

मला विचारायचंय, हे वीस मिनिटांचं काम होतं तर ते 2021 मधेच का नाही केलं? मी काही मनाचं सांगत नाहीये. 2012 मधे 1500 पेशंटवर झालेला मॅडिट-आरआयटी नावाचा मोठा अभ्यास आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, त्यात दिसलं की हद्द 200 ला नेली किंवा मशीनला जास्त वेळ थांबायला लावलं तर चुकीचे शॉक तर कमी होतातच, माणसं पण कमी दगावतात. 2015 मधे जगभरच्या तुमच्याच संघटनांनी मिळून मशीन कशी सेट करायची ते लिहून काढलं. असेल माझ्या केसमधे काही कारण, एचसीएमचं वेगळं असेलही, पण मग ते मला सांगा ना. कॅश मोजताना एक नोट कमी निघाली तर मी गिऱ्हाईकाला कारण सांगते.

पण खरं पत्र पुढेच आहे. मशीन सुधारलं, मी बिघडले.

पहिल्यांदा जिने सोडले. मग जोरात हसणं सोडलं, खोटं वाटेल पण खरंय, हसताना ठोके वाढतात म्हणून टीव्हीवरचे कॉमेडी कार्यक्रम बंद. मुलीवर ओरडणं बंद, तिला बरंच वाटलं असेल. बाथरूमची कडी लावणं बंद, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ, बाहेर मुलगी उभी, दर दोन मिनिटांनी 'आई?' आणि आतून माझं 'हं'. ती तेव्हा बारावीत होती. इन्व्हर्टरची बीप वाजली की मशीनचीच बॅटरी संपली म्हणून घाम फुटायचा. पतसंस्थेत मी दिवसातून तीस-चाळीस वेळा मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायचे, नोटा मोजता मोजता, एकदा त्या नादात पाचशेचं बंडल चुकलं. नाडी मोजली की घाबरायचं, घाबरलं की नाडी वाढायची, वाढली की परत मोजायची. आणि हे लिहायला लाज वाटतीये पण लिहिते कारण कुणीच लिहीत नाही, आमचे हे वर्षभर खाली गादी टाकून झोपले. मीच सांगितलं होतं. मला वाटायचं ह्यांना शॉक लागेल, किंवा ह्यांच्यामुळे मला बसेल. मुलगी मिठी मारायची ती पण मधे एक वीत जागा ठेवून.

शॉकच्या वेळी कुणी हात धरलेला असला तर त्याला फार तर झिणझिण्या येतात, इजा होत नाही. एवढं एक वाक्य. एवढं एक वाक्य डिस्चार्जच्या दिवशी ह्यांच्यासमोर आणि मुलीसमोर कुणी बोललं असतं ना, तर आमच्या घरातलं एक वर्ष वाचलं असतं. वन्सं तर महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, मला वाटलं रागावल्यात, त्यांना वाटत होतं त्यांनी ओढून नेलं म्हणून झालं.

जानेवारी 2024 मधे एका रात्री तीनच्या सुमाराला शॉक बसला. दणका, ओरडून उठले, सगळं घर जागं. गाडी काढली, पुण्याला निघालो. खंबाटकीच्या बोगद्यात तो पिवळा उजेड काचेवरून सरकत होता आणि मी मनात मोजत होते, आता दुसरा बसेल, आता बसेल. हॉस्पिटलात मशीन तपासलं. रेकॉर्डमधे काहीच नव्हतं. शॉक सोडा, चार्जसुद्धा झालं नव्हतं. ड्युटीवरचे डॉक्टर जरा हसले आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले, काही झालेलं नाहीये, स्वप्न पडलं असेल, मॅडमना जरा रिलॅक्स राहायला सांगा. माझ्याकडे बघून नाही म्हणाले, ह्यांच्याकडे बघून. पहाटे पाचला त्या कॉरिडॉरमधे मी खोटारडी ठरले. येताना गाडीत कुणी काही बोललं नाही.

ह्याला नाव आहे डॉक्टर. फँटम शॉक. तुमच्याच पुस्तकात आहे, ज्यांना शॉक बसलेत किंवा जे धास्तावलेत अशांना होतो, बऱ्याचदा झोपेत, आणि तो अगदी खऱ्यासारखा जाणवतो. हात कापलेल्या माणसाला नसलेला हात दुखतो तसंच काहीसं. त्या ड्युटी डॉक्टरांनी फक्त 'हे होतं, ह्याला अमुक म्हणतात, तुम्ही आलात ते बरोबर केलंत' म्हटलं असतं तर पुरलं असतं.

त्याच रात्रीच्या तपासणीत अजून एक गोष्ट निघाली, ती कुणी मला सांगितलीच नाही, फाइलमधल्या कागदावर नंतर माझी मीच वाचली आणि पुढच्या चेकिंगला विचारून खात्री केली. नोव्हेंबर 2023 मधे एका रात्री माझे ठोके खरोखर बिघडले होते. खालच्या कप्प्यातले, ज्याने काका गेले असतील तसले. मशीनने शॉक दिलाच नाही, त्याच्याहून वेगात थोडे ठोके टाकून लय पकडली आणि सोडली, एटीपी म्हणता ना तुम्ही. काही सेकंदांचा खेळ. मी झोपले होते. म्हणजे हिशोब बघा, ज्या तीन वेळा मुसळ बसलं तेव्हा मला धोका नव्हता, ज्या रात्री मी किंचाळून उठले तेव्हा काही झालंच नव्हतं, आणि ज्या रात्री खरंच गेले असते तेव्हा मी घोरत होते. हा कागद मी कितीतरी वेळा वाचला. मला भीती कशाची वाटत होती आणि धोका कुठे होता, ह्या दोन्हीचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. हे मला कुणीतरी समोर बसवून सांगायला नको होतं का?

शेवटी माझी मीच साताऱ्यातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेले. सासूबाई म्हणाल्या वेड लागलंय का तुला, मी म्हटलं लागायच्या आधी जाते. आठ-नऊ वेळा गेले. त्यांना आयसीडीचं फार माहीत नव्हतं, तसं त्यांनी सरळ सांगितलं आणि पुढच्या वेळी वाचून आल्या, हे मला फार आवडलं. त्यांनी मला शांत राहा असं एकदाही म्हटलं नाही. वहीत लिहायला लावलं, आज काय टाळलं, टाळलं नसतं तर काय होईल असं वाटलं, आणि खरंच काय झालं. नाडी मोजायची तर दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी. श्वास सोडताना लांब सोडायचा, घेण्यापेक्षा दुप्पट. आणि जिने. आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं की हिला किती चालेल, हळूहळू चढायला हरकत नाही म्हणाले. मग एक मजला, खाली येऊन बसायचं, धडधड आपोआप कमी होते ते बघत राहायचं, पळायचं नाही. महिन्याने दोन मजले. मग साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालत. बाथरूमची कडी लावली तो दिवस मी वहीत लाल पेनने लिहून ठेवलाय, मुलीने बाहेरून विचारलं 'आई लावलीस का गं?' आणि मग ती निघून गेली, पावलं लांब जाताना ऐकू आली, तेव्हा आत मी नळ सोडून रडले.

मी बरी झाले असं म्हणत नाही. अजून ढोलताशा जवळ आला की मी मागे सरते, आणि ते मोठाले स्पीकर असतात ना मिरवणुकीत, त्यांच्यात लोहचुंबक असतं म्हणून लांब राहायचं हे तर योग्यच आहे, पण मी जरा जास्तच लांब राहते, शेजारच्या गल्लीत. फुटबॉलवाला एरिक्सन, डेन्मार्कचा, जून 2021 मधे भर मैदानात कोसळला होता, त्याला आयसीडी बसवलं, इटलीने त्याला खेळू दिलं नाही तर तो इंग्लंडमधे जाऊन 2022 मधे परत खेळायला लागला. माझ्या मुलीने तो व्हिडिओ मला दहा वेळा दाखवला. मी म्हटलं अगं त्याला पतसंस्थेत जायचं नसतं सकाळी. पण बघते मी, एकटी असताना.

मशीन ज्याने शोधलं ना, मिरोवस्की, त्याचे वरिष्ठ डॉक्टर अशाच ठोक्यांनी गेले, त्यांना चोवीस तास हॉस्पिटलात कसं ठेवणार, मग हॉस्पिटलच माणसाच्या आत का बसवू नये असा त्याने विचार केला, आणि 1980 मधे बाल्टिमोरला पहिलं मशीन माणसात बसवलं. तेव्हा छाती उघडायला लागायची आणि डबा पोटात ठेवायचे. माणूस आपल्या माणसाच्या दुःखातून केवढं काम करतो. मला फक्त एवढंच वाटतं की हॉस्पिटल आत बसवलंत तर त्यात एखादी नर्स पण बसवायला हवी होती, जी म्हणेल, घाबरलात का?

कारण ते विचारायची पद्धत पण तयार आहे. फ्लोरिडामधे बनवलेली दहा प्रश्नांची यादी आहे, शॉकच्या भीतीचीच. व्यायामाला घाबरता का, एकटं असताना शॉक बसेल म्हणून घाबरता का, चारचौघात तमाशा होईल असं वाटतं का, राग आवरता का, नवराबायकोचं जवळ येणं टाळता का. मी ती वाचली तेव्हा अंगावर काटा आला, कुणीतरी माझ्या घरात कॅमेरा लावल्यासारखी. अमेरिकेतल्या तुमच्या हार्ट असोसिएशनने 2012 मधे लेखी म्हटलंय की ह्या पेशंटच्या आणि घरच्यांच्या मनाकडे पण लक्ष द्या. दहा प्रश्नांना पाच मिनिटं लागतात. माझी चेकिंग सहा महिन्यांनी असते, बॅटरी किती उरली ते दर वेळी सांगता, ते महत्त्वाचंच आहे, पण बॅटरी सात-आठ वर्षं कुठे पळून जात नाही, त्यातली पाच मिनिटं मला द्या. आणि कंपनीच्या मुलांनो, तुमच्यावर राग नाही, तुम्ही काकू म्हणून नीट बोलता, पण 'चुकीचा शॉक' म्हणाल तेव्हा पुढचं वाक्य डॉक्टरांना बोलायला बोलवा.

आणि शॉक बसला तर काय करायचं हे मशीन बसवायच्या आधी सांगा, नंतर नाही. आमच्या फ्रिजवर आता कागद लावलाय, डॉक्टरबाईंनी आणि मी मिळून लिहिला, मग तुमच्यापैकी एका भल्या माणसाने फोनवर तपासून दिला. त्यात लिहिलंय: एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर बसा, पाणी प्या, दवाखान्यात फोन करा, धावपळ नको, मशीन एक-दोन दिवसात तपासून घ्या. एक शॉक बसला पण छातीत दुखतंय, दम लागलाय, चक्कर येतीये, नीट बोलता येत नाहीये, किंवा लागोपाठ दोन किंवा जास्त बसले, तर 108 ला फोन, वाट बघायची नाही. बेशुद्ध पडून उठल्याच नाहीत आणि श्वास नाही तर छाती दाबायला सुरुवात करा, मशीन आहे म्हणून हात आखडता घेऊ नका. खाली मोठ्या अक्षरात: हात धरला तर चालतो.

तो कागद लागल्यापासून हे परत वर झोपायला लागले. कागदामुळेच असं नाही म्हणत, पण त्याच आठवड्यात.

पुढच्या महिन्यात माझी चेकिंग आहे. ह्या कागदाच्या पन्नास झेरॉक्स काढून आणणार आहे, तपासलेल्या डॉक्टरांनी चालेल म्हटलंय, सासूबाईंसाठी अक्षर मोठं केलंय त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही वाचता येईल. तुमच्या रिसेप्शनवर, पार्किंगच्या पावत्या ठेवता त्याच्या बाजूला, एक गठ्ठा ठेवू द्याल का? तेवढं आधी कळवा, नाहीतर मी पन्नास कागद घेऊन एसटीने यायचे आणि सिक्युरिटीवाला दारातच अडवायचा.

आपली,
साताऱ्याची एक आयसीडीवाली